उलट्या तोंडाचा हत्ती

फार पूर्वी शंखवती नगरात विपुलसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या टाकसाळीचा प्रमुख होता. त्या जन्मी त्याचं नाव गुणपाल. राज्यातली सगळी नाणी त्याच्या नजरेखाली पडत, आणि एखाद्या नाण्यावरून वाद झाला तर निवाडाही तोच देई. माणूस शांत, कामाचा पक्का, आणि खरं सांगायचं तर आपल्या टाकसाळीचा त्याला थोडा अभिमानही होता.

राज्यातल्या नाण्याच्या एका बाजूला हत्ती असे, दुसऱ्या बाजूला पिंपळ. हत्तीचा ठसा खाली ऐरणीत बसवलेला, पिंपळाचा ठसा वर कारागिराच्या हातात. मधे चांदीची चकती ठेवायची आणि वरून घण घालायचा. प्रत्येक घावानंतर कारागीर वरचा ठसा उलटा करून त्यावर अंगठा फिरवी. का, तर कधीकधी पडलेलं नाणं ठशालाच चिकटून बसतं, बघताना लक्षात येत नाही, पण अंगठ्याला लगेच कळतं. टाकसाळीतल्या जुन्या माणसांनी घालून दिलेली ही रीत होती.

आणि राज्याचा एक कायदा होता. राजाच्या हत्तीची जो नासाडी करील त्याचा उजवा अंगठा तोडायचा. हत्तीवर दुसरं नाणं ठोकून त्याचा साचा उचलणारे आणि खोटी नाणी पाडणारे लोक वाढले होते, म्हणून हा कायदा आला होता.

याच नगरात सोणा नावाची एक बाई दोर वळून पोट भरी. विहिरीचे दोर, नावेचे दोर, गुरांची दावी, सगळं तिच्या हातचं. राज्याभिषेकाच्या मांडवाचे दोरही तिनेच पुरवले होते, आणि त्याबद्दल राजवाड्यातून तिला एक कोरं करकरीत नाणं मिळालं होतं. वर्षभर तिनं ते पदराच्या गाठीला जपलं. मग ताग घ्यायला ते मोडावं म्हणून ती पिंगल सराफाकडे गेली.

पिंगल वाईट नव्हता हो. फक्त आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटे, आणि या दुखण्याला औषध नाही. त्यानं नाणं उलटंपालटं केलं आणि तो ओरडलाच, "अगं बाई, हे काय करून आणलंस?"

नाण्याच्या एका बाजूला हत्ती होता, नेहमीसारखा उठावदार. पण दुसऱ्या बाजूला पिंपळ नव्हताच. तिथंही हत्तीच होता, तो मात्र चांदीत आत रुतलेला आणि तोंड उलट बाजूला केलेला.

"मला असंच मिळालं, शेटजी," सोणा म्हणाली. "मी बापडी दोर वळते. मला वाटलं, राज्याभिषेकाचं नाणं आहे, दोन हत्ती घातले असतील."

"दोन हत्ती म्हणे! तू यावर दुसरं नाणं ठोकलंस. साचा काढत होतीस."

झालं. पिंगलानं शिपायांना बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी सोणा राजसभेत उभी राहिली. उजवा हात तिनं डाव्या हाताखाली दडवला होता. अंगठा गेला तर पीळ कशानं द्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

राजानं ते नाणं गुणपालाच्या हाती दिलं आणि विचारलं, "बोल, हे नाणं असंच जन्मलं की मागून कुणी बिघडवलं?"

गुणपालानं नाणं उजेडात धरलं. त्याला राज्याभिषेकाचा आदला दिवस आठवला. शंभर चकत्या उरल्या होत्या, दिवस कलत होता, आणि तो स्वतः कारागिरांना म्हणाला होता, "आता अंगठा राहू द्या, हात चालवा."

हे त्या कारागिरांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. 'बिघडवलेलं आहे' एवढे दोनच शब्द तो बोलला असता तर टाकसाळीचं नाव राहिलं असतं आणि त्याचं पदही. पण बोधिसत्त्वाची नजर सोणाच्या दडवलेल्या हाताकडे गेली.

"महाराज, एक ऐरण आणि एक घण मागवा," तो म्हणाला. "आणि पिंगलशेट, तुमच्याकडची दोन चांगली नाणी द्या. ही बाई जे करत होती असं तुम्ही म्हणता, ते तुम्हीच इथं करून दाखवा."

पिंगलानं बाह्या सरसावल्या. एक नाणं पिंपळ वर करून ऐरणीवर ठेवलं, त्यावर दुसऱ्या नाण्याचा हत्ती टेकवला आणि घण घातला. पिंपळाच्या बाजूला रुतलेला उलटा हत्ती उमटला खरा. पिंगलाचं तोंड फुललं.

"आता खालची बाजू बघा," गुणपाल म्हणाला.

खालचा हत्ती भाकरीसारखा थापला गेला होता. सोंड कुठली आणि पाय कुठला, काही कळेना. शिवाय वर रुतलेल्या हत्तीभोवती पिंपळाची चारदोन पानं अजून दिसत होती.

"आता सोणाबाईचं नाणं बघा. खालच्या हत्तीची नखंसुद्धा मोजता येतात. पिंपळाचं एक पान नाही, कारण पिंपळ इथं कधी उमटलाच नाही. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं होतं, आणि या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचा हत्ती बसला. मागून केलेल्या घावाखाली काहीतरी मोडलेलं सापडतं, महाराज. इथं काहीच मोडलेलं नाही. हे नाणं जन्मतःच असं आहे, आणि चूक टाकसाळीची आहे."

"टाकसाळीत कुणाची?"

"माझी. घाईत मी अंगठा फिरवू दिला नाही."

राजा संतापला. "कायदा सगळ्यांना एकच," तो म्हणाला. "हत्ती तू बिघडवलास, तर अंगठा तुझा."

गुणपालानं हात पुढे केला. तेवढ्यात सोणाच पुढे सरसावली. तिचा दडवलेला हात आता बाहेर आला होता, आणि तो तिनं गुणपालाच्या हातावर झाकण घालावं तसा ठेवला.

"महाराज, मी अडाणी बाई, रागावू नका," ती म्हणाली. "एक अंगठा फिरला नाही म्हणून एवढं रामायण झालं. आता तोच तोडलात, तर उद्यापासून ठशावर काय फिरवायचं?"

राजाला हसू फुटलं. त्यानं तो कायदाच रद्द केला. सोणाला ताग घेण्यापुरती नवी नाणी दिली आणि म्हणाला, "बाई, माझ्या हातून आज मोठं पाप घडणार होतं. तू वाचवलंस." पिंगलानंही मान खाली घालून तिची माफी मागितली.

"टाकसाळीचं प्रमुखपद दुसऱ्याला द्या, महाराज," गुणपाल म्हणाला. "मला ठशापाशी बसवा." मग सोणाकडे वळून त्यानं हात जोडले. "माय, माझी चूक तू वर्षभर पदराला बांधून सांभाळलीस आणि आज मला परत आणून दिलीस. हे उपकार मी विसरायचा नाही."

आणि तो विसरलाही नाही. म्हातारा होईपर्यंत तो ठशापाशी बसला. प्रत्येक घावानंतर अंगठा फिरवी आणि मनातल्या मनात सोणाबाईला नमस्कार करी. त्याच्या हातून पुन्हा तसं नाणं पडलं नाही.

आपल्या पूर्वजन्माची एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भिक्खूंचे गुरू, थांबले. मग समोर बसलेल्या भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा उपासक नंदियक. पिंगल सराफ म्हणजे आपला तिष्यक, त्याला अजूनही सगळं आधीच कळतं." भिक्खू हसले, आणि तिष्यक सगळ्यांत मोठ्यानं हसला. "दोर वळणारी सोणा म्हणजे तिकडे कडेला बसलेली वडीलधारी भिक्खुणी, थेरी सुवीरा. आणि ज्याचा अंगठा तिनं वाचवला तो टाकसाळीचा प्रमुख मी होतो."

मग शास्त्यांनी आपला उजवा हात वर करून सगळ्यांना दाखवला. "आपली चूक जो आपल्यापुढे आणून ठेवतो, त्याचे उपकार मानावेत. यालाच कृतज्ञता म्हणतात," ते म्हणाले, आणि तोच हात जोडून त्यांनी थेरी सुवीरेला नमस्कार केला.