सारंगपाड्याची उंच लेक

सारंगपाडा कोळीवाड्याच्या दक्षिणेला जो मनोरा उभा आहे, त्याला दोन रूपे आहेत. मोठ्या रस्त्यावरून पाहिला तर तो शीड उभारल्यासारखा रुंद दिसतो. खाली बाजार, त्यावर कचेऱ्या, त्यावर हॉटेल, त्यावर राहती घरे आणि अगदी माथ्यावर सगळ्यांना खुला असलेला सज्जा, असा हा एका इमारतीत मावलेला गाव आहे. वर जाता जाता काचेचा रंग खाऱ्या पाण्यासारखा बदलत जातो. लांबलांबून माणसे हा मनोरा पाहायला येतात आणि माना दुखेपर्यंत पाहतात.

पण पाहुण्यांना गाव दाखवणारे भालूकाका तांडेल त्यांना तिथे फार वेळ थांबू देत नाहीत. "फोटो झाले ना काढून? चला आता, खरी इमारत दाखवतो," म्हणत ते सगळ्यांना कोळीवाड्यामागच्या वाळवणाच्या मैदानात नेतात. इथे बांबूंच्या उंच मांडवांवर, ज्यांना वलांडी म्हणतात, बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले असतात. शहरातल्या पाहुण्यांची नाके आक्रसतात. काकांना ते दिसते आणि आवडतेही. मग ते म्हणतात, "बघा आता वर."

आणि मघाची ती रुंद, देखणी इमारत इथून नुसती वल्ह्याएवढी दिसते. अंग चोरून उभी असल्यासारखी. समोर कोळीवाडा, त्यापलीकडे निळा उपसागर, इतके सुंदर दृश्य पुढ्यात असताना तिने त्याच्याकडे नेमकी आपली अरुंद कड का करावी? त्याची हकीकत सारंगपाड्यात अशी सांगतात.

ही इमारत ज्यांनी रेखली त्या बाईंचे नाव मृदुला टिपणीस. त्यांच्या हाताला मोठे यश होते, आणि त्याबरोबर थोडा तोराही. त्यांच्या मूळ आराखड्यात मनोऱ्याची रुंद बाजू उपसागराकडे होती. समोरच्या प्रत्येक घरातून समुद्र दिसणार होता. सगळ्यात वरचे एक घर बाईंनी मालक शेठजींकडून स्वतःसाठी मागून घेतले होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी खिडक्या काढल्या, पण त्यांच्या स्वतःच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाइप दिसत. आता उरलेले आयुष्य समुद्राकडे तोंड करून काढायचे, एवढीच त्यांची हौस होती.

भूमिपूजनाच्या दिवशी कोळीवाड्यातल्या बायका वाजतगाजत आल्या. नऊवारी लुगडी, डोक्यात फुले, आणि सगळ्यांत पुढे ओटीचे ताट घेतलेली माणकूबाय. मैदानाच्या कोपऱ्यावर गावदेवीचे छोटे देऊळ आहे, तिथे त्या निघाल्या होत्या. बाईंना वाटले, आपल्यासाठीच आल्या. त्या लगबगीने पुढे झाल्या आणि त्यांनी पदर पसरला.

वाजंत्री थांबली म्हणे. मागे कोणीतरी फिसकन हसले. ओटी देवीची होती, आणि ही कोण कुठली शहरातली बाई मधेच पदर पसरून उभी! माणकूबायचा हात ताटावर तसाच राहिला. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिले. आई गेल्यापासून त्या बाईंची ओटी कोणी भरली नव्हती. माहेर असे काही उरलेच नव्हते. ते माणकूबायला कोणी सांगितले नव्हते, पण तिला ते दिसले असावे.

"पसरलेला पदर रिकामा धाडाचा नसतंय," ती मागच्या बायकांना म्हणाली. "देवीची समजूत मी काढतंय." आणि तिने तांदूळ, खण, नारळ सगळे बाईंच्या पदरात घातले. मग घरी जाऊन देवीसाठी दुसरे ताट भरून आणले.

चूक कळली तेव्हा बाई लाजेने लाल झाल्या. खण परत द्यायला गेल्या तर माणकूबायने डोळे वटारले. "आता तू गावाची लेक. लेक काय वटी परत करते?"

तेव्हापासून बाईंची दुपारची जेवणे कोळीवाड्यात होऊ लागली. टिपणीसांच्या घरात सुके बोंबील म्हणजे जीव की प्राण. माणकूबाय निखाऱ्यावर बोंबील भाजून द्यायची आणि एवढ्या मोठ्या बाई उलट्या टोपलीवर बसून बोटे चाटायच्या. हाताखालच्या लोकांवर ओरडणे कमी झाले म्हणे. कचेरीत सगळे बोंबलाला दुवा देत.

पाया खणायला अजून अवकाश होता. मार्गशीर्षातल्या एका दुपारी बाई अशाच वलांड्यांमध्ये चहा पीत बसल्या होत्या. पाठीला ऊन छान लागत होते. माणकूबाय कौतुकाने बोलत होती. "तुजी माडी झाली का आमी समद्या वर येनार. वरशी आपल्या होड्या बगनार. बोट कवा येते त्ये आदी आमाला कलनार!"

बाई हसल्या. इमारत जिथे उभी राहणार होती तिकडे त्यांनी सहज मागे वळून पाहिले. सूर्य तिथेच होता. आणि त्यांच्या हातातला चहा थांबला.

तशाच उठून त्या कचेरीत गेल्या. मनोऱ्याची लहान प्रतिकृती तिथे काचेच्या पेटीत होती. काच काढून त्यांनी हिवाळ्यातला सूर्य असेल त्या जागी दिवा धरला. बागेवर, पोहण्याच्या तलावावर, बाजाराच्या दारावर कधी किती सावली पडते ते त्यांनी शंभरदा तपासले होते. वाळवणाचे मैदान मात्र त्या प्रतिकृतीत नव्हतेच. तिथे हिरव्या पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला होता. आता त्या तुकड्यावर मनोऱ्याची सावली पडली आणि तो पुरता झाकून गेला. बाईंनी दिवा सकाळकडून संध्याकाळकडे फिरवला. सावली हटेना. आणि हिवाळा हाच बोंबील वाळवायचा हंगाम.

शेठजींना त्यांनी हे सांगितले. शेठजी माणूस वाईट नव्हते, पण व्यवहारी होते. "बाई, त्यांना यातले काहीच माहीत नाही," ते म्हणाले. "कळेल तेव्हा इमारत उभी झालेली असेल. मग कोण काय करणार?"

तेच तर बाईंना खुपत होते. गावाने विरोध केला असता, मोर्चा आणला असता, तर त्या तावातावाने भांडल्या असत्या. पण गाव तर कौतुक करीत होते. गप्प बसावे, तर पदरात घेतलेल्या ओटीशी बेइमानी. सांगावे, तर मिळालेले माहेर तोंडावर दार लावून घेणार. दोन दिवस त्या कोळीवाड्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या आणि माणकूबायला सगळे सांगून टाकले.

माणकूबाय ऐकत होती. हातातले बोंबील एकात एक अडकवत राहिली. मग म्हणाली, "लेकीची सावली परते म्हनून लेकीला कोन हाकलतं गो? आमी वलांड्या दुसरीकरं नेव."

पण दुसरीकडे म्हणजे कुठे? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला रस्ता, समोर उपसागर. माणकूबायलाही ते ठाऊक होते. ती रागावली असती तर बाईंना सोपे गेले असते. तिच्या त्या एका वाक्याने मात्र त्यांना रडू कोसळले.

त्या तडक गावदेवीपुढे गेल्या. असे सांगतात की त्यांनी तिथे शपथ घेतली: माझ्या इमारतीच्या पायाशी या मैदानात बोंबील वाळतील तेव्हाच मी बोंबील तोंडात घालीन, तोवर नाही. ऐकणारे हसतात. पण टिपणीसांच्या लेकीने बोंबील सोडणे म्हणजे काय, ते ज्याला कळते त्याला हसू येत नाही.

मग त्यांनी तो गाजलेला आराखडा बाजूला सारला आणि अख्खी इमारत कुशीवर वळवली. रुंद बाजू रस्त्याकडे आणि खाडीकडे, अरुंद कड कोळीवाड्याकडे. शेठजी कपाळावर हात मारून बसले. समुद्रासमोरची बहुतेक घरे गेली! कडेला जी मोजकी उरली, त्यांतच बाईंचे घर होते.

"तेही विका," बाई म्हणाल्या. "पण इमारत अशीच उभी राहील."

शेठजी त्यांच्याकडे पाहत राहिले म्हणे. त्या घरावर बाईंचा किती जीव होता ते त्यांना माहीत होते. त्यांनी सही केली.

इमारत पुरी व्हायला वर्षे लागली. तेवढी वर्षे बाई कोळीवाड्यात भात आणि वालाचे बिरडे खाऊन उठत. वास आला की तोंड फिरवीत. माणकूबाय जीव तोडून आग्रह करी आणि मग स्वतःच डोळे पुसत आत जाई.

शेवटी इमारत माथ्याला पोचली आणि मार्गशीर्ष आला. त्या दिवशी सारा गाव मैदानात बसला होता. बाई हात घट्ट आवळून उभ्या होत्या. हिशेब शंभरदा केला होता, तरी सावली कागदावर पडणे वेगळे आणि गावावर पडणे वेगळे. सकाळभर सावली खाडीच्या पाण्यात होती. दुपार होत आली तशी ती वाळूवर चढली. अरुंद, लांब, वल्ह्यासारखी. पहिल्या वलांडीवर आली, क्षणभर टेकली, पुढे सरकली. मग दुसरीवर, मग तिसरीवर. मागे पुन्हा लख्ख ऊन. असे करत करत सगळे मैदान ओलांडून ती रस्त्याकडे निघून गेली. माहेरी आलेली लेक जशी एकेका दारात डोकावून जाते, तशी.

माणकूबाय आता वाकली होती. तिने निखाऱ्यावरचा बोंबील उचलला, फुंकर घातली आणि बाईंच्या हातात दिला. "खा गो बाय. लेक आयली, समद्यांना भेटून गेली."

बाईंनी तो रडत रडत खाल्ला. तसा बोंबील पुन्हा कधी भाजला गेला नाही, असे कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या सांगतात.

माणकूबाय नाही, मृदुलाबाईही नाहीत. पण आजही मार्गशीर्षात सावली पहिल्यांदा मैदानात उतरते तेव्हा कोळणी इमारतीच्या त्या अरुंद कडेला जातात, पायाशी पदर पसरल्यासारखा जो दगडी कोनाडा आहे त्यात खण, नारळ आणि वर सुक्या बोंबलांची जुडी ठेवतात. गणवेशातले रखवालदार अदबीने बाजूला होतात. चकचकीत दालनात दिवसभर बोंबलाचा वास दरवळतो आणि त्याबद्दल तक्रार करायची कोणाची छाती होत नाही. मग सगळ्या बायका लिफ्टने माथ्यावरच्या सज्जात जातात आणि आपापल्या होड्या पाहतात.

आणि हिवाळाभर रोज दुपारी सावली वलांड्यांवरून सरकते तेव्हा भालूकाका पाहुण्यांना गप्प राहायला सांगतात. मासळी निवडणाऱ्या बायका सावली अंगावर आली तरी उठून उन्हात जात नाहीत. एखादी म्हातारी काम थांबवून वाळूवरच्या त्या सावलीवर हात ठेवते, आणि ती पुढे सरकेपर्यंत काढत नाही.