चंपकवतीच्या तीन नावा

फार पूर्वी चंपकवती नगरीत यशकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मंत्रिकुळात जन्मास आला होता. त्याचे नाव सोमदत्त.

नगरीच्या मधून नदी वाहत असे. यशकेतूच्या वडिलांनी तिच्यावर तीन नावा ठेवल्या होत्या. कोणीही यावे आणि काही न देता पैलतीरी जावे. यशकेतूला मात्र सात मजली प्रासाद बांधायचा होता. लाकूड कमी पडले, माणसे कमी पडली. तेव्हा नावा मोडाव्यात आणि नावाड्यांना प्रासादाच्या कामाला लावावे, असे त्याने योजले.

"लोकांचे मत विचारून ये," तो सोमदत्ताला म्हणाला. "पण सभेत एवढेच सांग, की लोक राजी आहेत. महामंत्र्याची मुद्रा तुझीच समज."

सोमदत्त घाटावर जाऊन बसला. सात दिवस तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारीत राहिला.

धनाढ्य व्यापारी पूर्णक श्रेष्ठी म्हणाला, "वरच्या अंगाला पूल आहे. दोन कोस चालले तर कोणाचे काय बिघडते?"

तिष्य विणकर म्हणाला, "माझा माग या तीरावर, सूत त्या तीरावर. तीन नकोत तर एक तरी नाव राहू द्या."

उत्पला नावाची एक म्हातारी कुंभारीण म्हणाली, "बाबा, मी नवरी होऊन याच नावेतून आले. पुढे बाळंतपणाला माहेरी निघाले, तर लेक नदीच्या मधोमध, नावेतच झाली. म्हाताऱ्या नावाड्याने वल्हे थांबवले, पाठ फिरवली आणि मोठमोठ्याने गाऊ लागला. माझे ओरडणे कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तशी माणसे होती तेव्हा. पुलावरून मी कशी गेले असते?"

आठव्या दिवशी सोमदत्ताने सभेत सगळे जसेच्या तसे सांगितले. श्रेष्ठीचे सांगितले, विणकराचे सांगितले, कुंभारणीचेही सांगितले. शेवटी म्हणाला, "महाराज, काही राजी आहेत, बहुतेक नाहीत. याहून वेगळे माझ्याने सांगवणार नाही."

राजाचा चेहरा लाल झाला. मग हळूहळू निवळला. "तो म्हातारा नावाडी मला आठवतो," तो म्हणाला. "माझे वडील वर्षातून एकदा लोकांबरोबर त्याच्या नावेत बसत. मी त्यांच्या मांडीवर असे. ते पाण्यात हात सोडत आणि माझ्या तोंडावर शिंपडत. सिंहासनावर त्यांना तसे हसताना मी कधी पाहिले नाही."

प्रासाद पाच मजल्यांवर थांबला. नावा चालू राहिल्या. महामंत्र्याची मुद्रा मात्र दुसऱ्याला मिळाली, आणि सोमदत्ताने तिच्याविषयी कधी विचारले नाही.

ही कथा सांगून, पुढे बुद्धपद पावलेले शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा यशकेतू म्हणजे आपल्याला ही आमराई देणारा वृद्ध उपासक. उत्पला म्हणजे आजारी भिक्षुणींची शुश्रूषा करणारी ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी क्षेमंकरा. आणि सोमदत्त मंत्री मीच होतो. ऐकले तेच सांगावे, गोड करून सांगू नये. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळले ते असे."