नांदखारचा उघडा ढोल

नांदखारच्या देवळात जो मोठा ढोल टांगलेला दिसतो, त्याला कातडं नाही. पाहुणे हटकून विचारतात, मग अनंतकाका पायरीवर बसून सांगतात.

पूर्वी हा ढोल दोनच कामांना वाजे, असं सांगतात. फाल्गुन पंचमीपासून शिमग्याला, आणि एरवी खाडीचा बांध फुटला तर. एका वर्षी भात उदंड पिकलं. पोरांना पंचमीपर्यंत धीर निघेना. माघी पौर्णिमेलाच त्यांनी ढोल उतरवला. भिवा ढोलकऱ्याने एकदा नको म्हटलं, मग हात शिवशिवले आणि तोच वाजवायला बसला. पंधरा दिवस ढोल दिवसभर घुमत राहिला.

अमावास्येला भरदुपारी उधाण आलं. भिवा आणि त्याची बायको येसू बांधावरून येत होती. पाहतात तो बांधाला भगदाड. पलीकडे खालच्या वाडीची घरं, घरांत पोरंबाळं. येसू डोक्यावरचा पेंढा कवटाळून भगदाडात उतरली, पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही ढोल गाठा."

भिवा धावत देवळात आला, टिपरू हिसकावून त्याने बांध फुटल्याचा ठेका धरला. पोरं त्यावरच नाचू लागली. गावाच्या तिन्ही वाड्यांतून एक माणूस बाहेर आला नाही. तो ओरडला, तर कोणीतरी हसून टिपरू काढून घेतलं आणि ढोल पुन्हा सुरू झाला. तिकडे पाणी येसूच्या छातीला लागलं असेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने कमरेचा कोयता काढला आणि कातडं उभं फाडलं.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा भरदिवसा गाव गप्प झालं. त्या शांततेने म्हणे लोक दचकून घराबाहेर आले. काय झालं म्हणून विचारू लागले.

"बांध फुटलाय," भिवा म्हणाला. "येसू पाण्यात आहे."

गाव धावलं. बांध बुजला, वाडी वाचली. येसूला गळ्याएवढ्या चिखलातून उपसून काढलं. ती जगली, पण पुन्हा ताठ उभी राहिली नाही. शुद्धीवर आल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाली, "ढोल थांबला, तेव्हा वाटलं, आता कोणी येत नाही."



आजही पंचमीच्या सकाळीच ढोलाला कातडं चढतं, आणि शिमगा सरला की उतरतं. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई बांधावरून चालत देवळात येते. तिला कितीही वेळ लागो, सारं गाव मुकाट उभं राहतं. ती "बांध धड आहे, वाजवा" म्हणते, तेव्हाच पहिलं टिपरू पडतं.