घंगाळांवरची जकात

केतकनगर आणि शेजारच्या दोन राज्यांनी करार केला, की तिघांपैकी कुठेही घडलेली वस्तू जकातीशिवाय तिन्हीकडे विकता येईल. करार होताच त्यांतल्याच एका राज्यातली सगुणा तांबटीण आपल्या गावी घडवलेली गाडीभर घंगाळं घेऊन केतकनगरला आली, तर प्रधान भुजंगरावांनी तिला वेशीवरच अडवलं.

“तांबं समुद्रापलीकडचं, म्हणजे घंगाळंही परकीच! जकात भर, नाहीतर माल जप्त!”

जकात भरली तर सगुणाच्या हाती काहीच उरणार नव्हतं. ती तडक दरबारात गेली. तिथंही भुजंगराव आपलंच घोडं दामटत राहिले.

सगुणाने हात जोडून विचारलं, “प्रधानजी, आपले युवराज कुठले?”

“हा काय प्रश्न झाला? केतकनगरचे!”

“आणि राणीसाहेब?”

भुजंगरावांनी पागोटं सावरलं. राणीसाहेब समुद्रापलीकडच्या होत्या, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

“युवराज इथं जन्मले म्हणून इथले. मग माझी घंगाळंही जिथं घडली तिथलीच ना? की युवराजांवरही जकात बसवणार?”

भुजंगराव घाम पुसू लागले. तेवढ्यात पडद्याआडून राणीसाहेबांचं खळखळून हसणं ऐकू आलं.

महाराजांनाही हसू आवरेना. “प्रधानजी, गाडी सोडा. नाहीतर आज मला महालात कुणी घेणार नाही!”