शबरांचे अखेरचे वस्त्र

पूर्वी वेणुवती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरातल्या एका शबर पाड्यावर जन्मला. बुद्धीच्या बळावर पुढे तो राजाचा अमात्य झाला. नगरात त्याला काही कमी नव्हते. तरी पाड्याची आठवण दाटून आली की तो पेटीतले एक तांबडे वस्त्र उलगडून बसे. त्या वस्त्राला अजून चुलीच्या धुराचा आणि रंगाच्या सालीचा वास येई. विणताना आई गुणगुणत असे, ते त्याला ऐकू येई. शबरांत मूल जन्मले की आई असे वस्त्र विणते आणि त्या माणसाला अखेरीस त्यातच गुंडाळून निरोप देतात.

एकदा चंदक नावाच्या कापडव्यापाऱ्याने ते पाहिले. “काय सुरेख नक्षी! दोन दिवस न्यायला द्याल का?” आपल्या आईच्या हातचे कौतुक झाले म्हणून बोधिसत्त्व सुखावला. पाड्याला न विचारता त्याने ते दिले.

चंदकाने ती नक्षी उतरवून तशी वस्त्रे विणवली आणि वर्षभरात नगरातल्या नवऱ्या मुली ती मिरवू लागल्या. पुढे चंदकाने राजाज्ञा मिळवली : ही नक्षी दुसऱ्या कोणी विणू नये. आज्ञेवर मुद्रा बोधिसत्त्वानेच उठवली. ती आज्ञा डोंगरापर्यंत पोचेल, हे त्याच्या मनातही आले नाही.

एके दिवशी शिपायांनी सोणा नावाची शबर म्हातारी दरबारात आणली. तिने आज्ञा मोडली होती.

“म्हाताऱ्याचं वस्त्र पुरात गेलं होतं,” ती म्हणाली. “तो अंथरुणाला खिळला, म्हणून नवं विणायला बसले. यांनी माग मोडला. माझा म्हातारा पानांत गुंडाळून पुरला, राजा.” मग तिची नजर अमात्याकडे गेली. “तू आपल्या पाड्यावरच्या कोंडीचा लेक ना रे?”

बोधिसत्त्वाला मान वर करवेना. चंदक त्याच्या कानाशी कुजबुजला, “गप्प राहा. नक्षी तुमच्या घरून आली, हे कोणाला ठाऊक आहे?”

“मला ठाऊक आहे,” बोधिसत्त्व मोठ्याने म्हणाला आणि राजापुढे उभा राहिला. “महाराज, अपराधी मी आहे. जे सगळ्या पाड्याचे होते, ते मी एकट्याने देऊन टाकले. ही नक्षी लग्नाची नाही, मरणाची आहे; एवढेही मी सांगितले नाही.”

चंदकाचा चेहरा उतरला.  राजाने आज्ञा रद्द केली आणि शिळेवर नवी कोरवली : कोणत्याही समूहाची नक्षी, गाणे वा औषध त्यांच्या पंचांना विचारल्यावाचून घेऊ नये, आणि ते नाही म्हणाले तर तोच निवाडा समजावा.

राजाने थांबवूनही बोधिसत्त्वाने अमात्यपद सोडले. तो सोणाबरोबर डोंगर चढला, पंचांपुढे बसला आणि क्षमा मागितली.  सोणाने त्याला मोडका माग दाखवला. “आधी हा नीट कर,” ती म्हणाली.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा सुबाहू म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. चंदक म्हणजे दुसऱ्याच्या गाथा आपल्या म्हणून सांगणारा तुमच्यातला हा भिक्षू. सोणा म्हणजे विहारात रोज फुले आणणारी उपासिका. आणि तो अमात्य मीच होतो. आपली चूक झाकून ठेवता येत असताना ती उघड करणे, हीच त्या जन्मातली माझी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना.”