परीक्षेवर परीक्षा

एकदा एक डोंगरावरचे विद्यापीठ आणि सीमेपलीकडच्या राज्यातले, समुद्रकाठचे दुसरे विद्यापीठ यांनी मिळून एकच पदवी द्यायचे ठरवले. डोंगरावर वनौषधी शिकवत, समुद्रकाठी शस्त्रकर्म. विद्यार्थ्याने अर्धे इथे शिकावे, अर्धे तिथे, आणि पुरा वैद्य होऊन घरी जावे. बेत उत्तम होता. उत्तम बेतांचे पुढे काय होते, ते सुज्ञांना सांगायला नको.

डोंगरावरच्या वृद्ध आचार्यांनी हे काम आपल्या एका शिष्यावर सोपवले. बिचारा काळ्या केसांनी त्यात शिरला आणि आता त्याच्या मिशाही पिकल्या होत्या. मसुदा घेऊन घाट उतरायचा, दुरुस्त्या घेऊन घाट चढायचा, आणि सभेत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! सगळे घोडे एकाच कलमाशी पेंड खात होते. तिथे उत्तीर्ण झालेल्याची इथे फिरून परीक्षा घ्यावी की नाही? डोंगरावरचे पंडित म्हणत, घ्यावीच. त्यांतल्या एकानेही जन्मात शस्त्र हाती धरले नव्हते, ते सोडा. पलीकडचेही काही कमी नव्हते. जी वनस्पती त्यांच्या वाळूत उगवतच नाही, तिची परीक्षा त्यांना घ्यायची होती.

या ओढाताणीत एक मुलगी अडकली. दोन्हीकडचे शिक्षण पुरे करणारी ती पहिलीच. तिच्या गावात वैद्य नव्हता. गावकरी दर जत्रेला डोंगर चढून येत आणि शिष्याला विचारत, "आमची मुलगी कधी पाठवता, महाराज?" तो दर वेळी पुढच्या जत्रेचा वायदा करी.

शेवटी तो आचार्यांपुढे मटकन बसला. "आचार्य, आता माझ्याने होत नाही. कागदी घोडे नाचवून नाचवून जीव विटला. मला यातून मोकळे करा."

आचार्यांनी एक डोळा चोळला. मग म्हणाले, "त्या मुलीला बोलाव. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. तो ती काढील."

"अहो, हे काय भलतेच! तिची परीक्षा कुठे झाली आहे?"

"झाली आहे की. पलीकडच्यांनी घेतली आहे."

पंडितांनी ऐकले आणि एकच गिल्ला केला. म्हाताऱ्याला चळ लागला, इथवर बोलणे गेले. आचार्यांनी कोणाचे ऐकले नाही. मुलीने शस्त्रकर्म केले, डोळ्यावर पट्टी बांधली आणि ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली.

आचार्य पडल्या पडल्या शिष्याला म्हणाले, "मसुदा आण. पुन्हा परीक्षेचे कलम खोड आणि माझी मुद्रा उमटव."

शिष्य घुटमळला. "पट्टी तरी सुटू द्या. आपल्याला दिसू लागले, की पंडितही आपोआप गप्प बसतील."

"अरे, पट्टी सुटल्यावर मान्य केले, तर आपण डोळा मान्य केला. त्यांचे शिकवणे कुठे मान्य केले? पडताळा पाहून ठेवतात तो विश्वास नव्हे, तो हिशेब. इतकी वर्षे दोन्हीकडचे शहाणे आपापली पट्टी सुटायची वाट पाहत बसले आहेत, आणि तेवढ्या काळात त्या गावात किती माणसे औषधावाचून गेली असतील! डोळा गेला तर माझा एक जाईल. तिला आणखी अडवले, तर तिचे आयुष्य जाईल."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. विश्वासाची सारी कलमे त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि थांबू या म्हणणाराही तोच होता. त्याने ते कलम खोडले, मुद्रा उमटवली आणि तो जड पावलांनी बाहेर आला. मुलगी लगबगीने उठून उभी राहिली.

शिष्याने हात जोडले. म्हणाला, "वैद्यबाई, आमच्या आचार्यांना आता पथ्य काय, ते सांगा."