सातव्या दोराची नोंद

फार फार पूर्वी, डोंगर आजच्याइतकेच उंच होते पण माणसं त्यांना जरा जास्त भीत असत, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका डोंगरावर, खोल दरीच्या काठाला, पदार्थविद्येची शाळा होती. दगड खाली का पडतो, लंबक कोणत्या हिशेबाने झुलतो, उजेड पाण्यात शिरताना का वाकतो, हे सगळं तिथे शिकवत. शेवटच्या पदवीला दोन वर्षं लागत आणि त्या दोन वर्षांत भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे.

त्या शाळेत एका तांबटाची मुलगी शिकत होती. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊकही होतं. पदवीसाठी प्रत्येकाला एक गोष्ट स्वतः मोजावी लागे. तो आकडा राज्याच्या प्रमाणग्रंथात चढे आणि कारागीर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. मुलीच्या वाट्याला आला अंबाडीचा दोर. तो किती वजनाला तुटतो, एवढंच सांगायचं होतं.

तिने एका लांब दोराचे दहा तुकडे कापले. एकेक तुकडा तुळईला टांगायचा आणि तुटेपर्यंत त्याला दगड लावत जायचं. पहिला तुकडा चाळीस मणांना तुटला, दुसरा एकेचाळीस, तिसरा एकोणचाळीस. असं छान चाललं होतं, आणि सातवा बारा मणांनाच काडकन तुटला.

शाळेतल्या मुलांनी अशा आकड्याला नाव ठेवलं होतं, 'रुसलेली नोंद'. रुसलेल्याची समजूत काढत बसायला वेळ कुणाला असतो? ती वहीत उतरवायचीच नाही, असा रिवाज वर्षानुवर्षं चालत आला होता. आचार्यांना तो माहीत नव्हता, किंवा त्यांनी तो माहीत करून घेतला नव्हता. मुलीनेही रिवाज पाळला. सातवा तुकडा अडगळीत फेकला, त्याच्या जागी दुसरा कापून तोडला, आणि तिची वही कशी देखणी झाली.

प्रमाणग्रंथात चाळीस मण चढले. कारागिरांनी तसाच दोर दरीवर ताणला, त्याला मोठा पाळणा अडकवला आणि निम्मं वजन, म्हणजे वीस मण, बिनघोर न्यावं असं ठरवलं. तीन महिने पाळण्यातून एखाददुसरा माणूस जाई, भाजीच्या टोपल्या जात. कुणाची काही तक्रार नव्हती.

पदवीदानाचा दिवस उजाडला. मुलीचे वडील आदल्या दिवशीच लांबच्या पायवाटेने येऊन पोचले होते. सकाळी ते म्हणाले, "पोरी, घोटभर पाणी आण." ती मुदपाकखान्यात गेली. रांजण गळत होता आणि खाली भिंतीलगत ओल धरली होती.

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "तिथं काही ठेवू नको गं. मागं तुझं दोराचं वेटोळं महिनाभर तिथंच पडलं होतं. एका अंगानं पार भिजलेलं."

मुलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती अडगळीकडे धावली. सातवा तुकडा शोधून तिने त्याचा पीळ उलगडला. वरून तो कोरडा ठणठणीत होता. आतून काळी भुकटी गळली.

तिने दरीकडे पाहिलं. पलीकडच्या धबधब्याचे तुषार दिवसरात्र दोरावर पडत होते. तोही आतून असाच कुजत चालला असणार.

तिने मैत्रिणीला गाठलं आणि सगळं सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, तीन महिने टिकला ना? मग आजच काय होतंय? आणि आत्ता बोललीस तर पदवीची मुद्रा गेली समज. बाबा समोर बसलेत तुझे."

"आज सोहळ्याला पलीकडून किती माणसं येणार आहेत?"

"दहा दहाच्या खेपा करणार आहेत म्हणे."

दहा माणसं म्हणजे सोळा मण. हा हिशेब करायला तिला पदवीची गरज नव्हती. तरी ती आचार्यांकडे गेली नाही. खरं सांगायचं तर ती भ्याली होती. दोन वर्षांची मेहनत, तांब्याची मुद्रा, पहिल्या रांगेत धुतलेलं पागोटं बांधून बसलेला बाप. या सगळ्यापुढे जीभ उचलेना.

मांडवात एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. आपल्या वहीवर हात ठेवायचा, आचार्य एकच प्रश्न विचारत, आणि सगळे 'हो' म्हणत. 'नाही' आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा पलीकडच्या काठावर पांढरं निशाण हललं. पाळणा भरला होता. अलीकडच्या गड्यांनी पाळणा ओढायच्या रहाटाला हात घातला.

"जेवढं पाहिलंस, तेवढं सगळं या वहीत आहे?" आचार्यांनी विचारलं.

रहाट कुरकुरला. पाळणा काठापासून हातभर पुढे सरकला.

"नाही," ती म्हणाली. मग ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मांडवातली मुलं दचकली. "रहाट थांबवा. त्यांना मागे घ्या. दोर बारा मणांचा आहे."

गडी थबकले. आचार्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात वर केला. पाळणा इंच इंच मागे गेला. दहाही माणसं उतरली, त्यात एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन होती. काय झालंय हे कुणालाच कळेना. मग आचार्यांच्या इशाऱ्यावरून पाळण्यात सोळा मण दगड भरले आणि रहाट पुन्हा फिरू लागला.

पाळणा मधोमध आला आणि दोर तुटला.

दगड तळाला पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. किती, ते त्या शाळेत त्या दिवशी कुणी मोजलं नाही.

मुलीने सातव्या तुकड्याची हकिगत सगळ्यांसमोर सांगितली. आचार्यांनी मुद्रा पेटीत परत ठेवली. "ही तुला आज मिळणार नाही," ते म्हणाले. "आणि दोष तुझा एकटीचा नाही. दहा आकडे इतके शहाण्यासारखे वागले, तेव्हाच मी विचारायला हवं होतं की अकरावा कुठे आहे."

वडिलांसमोर तिची मान वर होईना. ते उठून जवळ आले. "गळकं भांडं माझ्या हातूनही झालंय, पोरी, पण मी ते विकलं नाही कधी. तू विकलंस, याचं मला वाईट वाटतं. गिऱ्हाईक बुडायच्या आत परत घेतलंस, याचं बरं वाटतं. आता सकाळचं ते पाणी तेवढं आण."

दरीवर पुढे लोखंडी साखळी आली. मुलगी आणखी एक वर्ष शाळेत राहिली आणि तिने त्या वर्षात फक्त भिजलेले दोर तोडले. प्रमाणग्रंथात आता दोन ओळी झाल्या, एक कोरड्या दोराची आणि एक आतून कुजलेल्याची. तेव्हापासून त्या शाळेत रुसलेली नोंद वहीच्या पहिल्याच पानावर लिहितात, आणि ती का रुसली हे सांगता आल्याशिवाय कुणाला मुद्रा मिळत नाही.

तात्पर्य: जे आपल्या मनासारखं नाही ते लपवू नये, ते तसं का आहे, हे आधी विचारावं.